माउस हलला की कानात किरकिर: कॉम्प्युटरसाठी स्वस्तातला डॅक कोणता घ्यावा?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी मिरजेला राहतो आणि घरूनच अकाउंट्सचं काम करतो. आठवड्याचे पाच दिवस, रोज सात-आठ तास कॉम्प्युटरसमोर जातात आणि तेवढा वेळ कानाला ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स हेडफोन असतो. ऐकणं बहुतेक शास्त्रीय, त्यातही जुनी रेकॉर्डिंग जास्त. हेडफोनची पिन कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला लावतो. हल्ली माउस फिरवला किंवा पान खाली सरकवलं की मागे बारीक किरकिर येते, आणि गाणं थांबवलं की सूं असा आवाज राहतो. मित्र म्हणतो, डॅक घे, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचं आवाजाच्या लहरीत रूपांतर करणारं वेगळं यंत्र. तोही साधासुधा नको, १८ हजारांचा घे, कारण त्यात ३२ बिट आणि ७६८ किलोहर्ट्झ आहे. माझं बजेट ५ हजार, फार ताणलं तर ८. पुढेमागे सेनहायझरचा एचडी ६५० घ्यायची इच्छा आहे, तो ३०० ओमचा असल्याने साध्या डॅकवर वाजणार नाही असंही ऐकलंय. काय घेऊ? आणि खरंच फरक पडेल का?

उत्तर

नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. एक किरकिरीचा आणि दुसरा चांगल्या आवाजाचा. किरकिर डॅकने बहुधा जाईल, आणि तेवढ्यासाठी तुमचं बजेटसुद्धा जास्तच आहे. चांगल्या आवाजाचं म्हणाल तर त्यातला फार थोडा भाग डॅकच्या हाती असतो. मित्राने काळजीपोटी सांगितलं असेल, पण १८ हजार घालवू नका. का, ते नीट सांगतो.

खिशात हात घालण्याआधी फुकटातले दोन-तीन उपाय करून पाहा. पिन कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधून काढा आणि मागच्या हिरव्या जॅकला लावा. पुढच्या जॅकपासून मदरबोर्डपर्यंत एक बारीक वायर कॅबिनेटच्या पोटातून जाते, बऱ्याचदा ग्राफिक्स कार्ड आणि पंख्याच्या वायरींना चिकटूनच. तिथला सगळा विजेचा गोंधळ ती वायर गोळा करते. मागचा जॅक थेट मदरबोर्डवर बसवलेला असतो, त्यामुळे बऱ्याच जणांची निम्मी तक्रार इथेच मिटते. मग विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन माइकच्या प्रॉपर्टीत 'लिसन टु धिस डिव्हाइस' चालू राहिलंय का ते बघा. ते चालू असेल तर खोलीतला पंखा आणि माइकची स्वतःची सूंसूं तुम्ही दिवसभर ऐकत बसता. 'ऑडिओ एन्हान्समेंट' बंद करा. आवाज मोठा करण्याच्या नादात ते मागचा शांत भागही वर उचलतात.

आता माउसचा आणि कानाचा संबंध काय? माउस हलला की प्रोसेसरला काम लागतं, तो क्षणभर जास्त करंट ओढतो, पुन्हा सोडतो. हे सेकंदात असंख्य वेळा होतं. त्यामुळे मदरबोर्डवरच्या व्होल्टेजला आणि ग्राउंडला बारीक हिसके बसतात. आवाजाची चिप त्याच बोर्डावर, त्याच ग्राउंडवर बसलेली असते, म्हणून ते हिसके हेडफोनपर्यंत पोचतात. तुमची किरकिर पान सरकवण्याच्या तालावर नाचते यावरूनच निदान पक्कं होतं: दोष गाण्याच्या फाइलमध्ये नाही, हेडफोनमध्येही नाही. बाहेरचा डॅक घेतला की आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर होण्याचं काम कॅबिनेटबाहेर होतं. त्यालाही पाच व्होल्ट त्याच कॉम्प्युटरच्या यूएसबीतून मिळतात हे खरं, पण बऱ्यापैकी बनवलेल्या डॅकमध्ये ते व्होल्टेज गाळून, स्थिर करूनच पुढे जातं.

सूं आवाजाकडे मात्र वेगळं लक्ष द्या. तो एकसुरी, खोल, गुणगुणल्यासारखा असेल तर ते विजेचे ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले १०० हर्ट्झ असण्याची शक्यता जास्त. मग घरातलं अर्थिंग एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तीन पिनांचा सॉकेट भिंतीत असतो, पण जुन्या घरांत तिसऱ्या पिनेच्या मागे अर्थिंगची वायर असेलच असं नाही. ही तपासणी आवाजासाठी नाही तरी तुमच्या सुरक्षिततेसाठी करायलाच हवी.

तुमच्यासारख्या तंबोरा ऐकणाऱ्या माणसाला ही गुणगुण ओळखणं अवघड जातं. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) धरला तर खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला लागते आणि मधला षड्ज १३९ च्या जवळ येतो. विजेचे ५० आणि १०० या दोन्हींच्या आसपासच घुटमळतात. चालू गाण्यात ते तंबोऱ्यात मिसळून जातात आणि आपल्याला वाटतं, जोडी जरा जाडसर लागली आहे. म्हणून परीक्षा नेहमी गाणं थांबवून करा. व्हॉल्यूम रोजच्या जागी ठेवा, गाणं पॉज करा, माउसला हात न लावता अर्धा मिनिट ऐका, मग माउस फिरवून ऐका. मागच्या जॅकला ही परीक्षा पास झाली तर डॅक न घेताही तुमचं भागेल, आणि तसं झालं तर मला आनंदच आहे.

पास झाली नाही तर डॅक घ्या. कोणता, ते ठरवण्याआधी ३२ बिट आणि ७६८ किलोहर्ट्झचा हिशेब एकदा पाहू.

१९८२ साली बाजारात आलेली सीडी एका सेकंदात आवाजाचे ४४,१०० नमुने घेते आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहिते. नमुन्यांच्या निम्म्यापर्यंतचे सूर त्यात जसेच्या तसे मावतात, म्हणजे २२,०५० हर्ट्झपर्यंत. निरोगी तरुण कान २०,००० पर्यंत ऐकतो, चाळिशीनंतर ही मर्यादा आणखी खाली येते. एकेका बिटाला साधारण ६ डेसिबल धरले तर १६ बिटांत सर्वांत हलक्या आणि सर्वांत मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मिळतं. २४ बिटांत हाच आकडा १४४ होतो, आणि तिथपर्यंत जगातलं कुठलंच सर्किट पोचत नाही, कारण रेझिस्टरमधली उष्णता स्वतःच थोडा गोंगाट करते. उत्तमातले उत्तम डॅक २०-२१ बिटांपाशी थांबतात. मग ३२ बिट कुठून आले? ते चिपच्या आतल्या आकडेमोडीचे आणि फाइल स्वीकारण्याच्या क्षमतेचे आकडे आहेत. कानापर्यंत त्यातलं काहीच येत नाही.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. बॉस्टन परिसरातल्या मेयर आणि मोरान या दोघांनी एक प्रयोग करून २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात तो छापला. उच्च दर्जाच्या डिस्कवरचं संगीत एकदा थेट आणि एकदा १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या चाळणीतून काढून ऐकवायचं, ऐकणाऱ्याला कोणतं कुठलं ते सांगायचं नाही. एकूण ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी एवढंच आलं असतं. ऐकणाऱ्यांत व्यावसायिक रेकॉर्डिंगवालेही होते.

म्हणून माझं ठाम मत असं की, आकडे विजेत बदलण्याचं काम आज फार चांगलं आणि फार स्वस्तात होतं. हा भाग सुटलेला आहे. एका निनावी इंजिनिअरने हे फार आधी दाखवून दिलं होतं. 'एनडब्ल्यूएव्हीगाय' या नावाने तो लिहायचा. २०११ साली त्याने 'ओ२' नावाच्या हेडफोन ॲम्प्लिफायरचा सगळा आराखडा, सुट्या भागांच्या यादीसह, लोकांसाठी खुला केला. प्रत्येक दाव्यासोबत मोजमाप दिलं. महागड्या यंत्रांच्या शेजारी ठेवून मोजलं तरी त्याचा स्वस्त ॲम्प्लिफायर मागे पडत नव्हता. २०१२ मध्ये त्याच्या डिझाइनचा 'ओडॅक' आला आणि त्याच वर्षी तो लिहायचा थांबला. तो कोण होता ते आजही जाहीर नाही, पण स्वस्त डॅककडे तुच्छतेने बघायची सवय मोडण्यात त्याचा वाटा मोठा आहे. त्याच्याविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते, कारण त्याने आराखडा तिजोरीत ठेवला नाही.

चिपच्या नावावरूनही भांडू नका. अमकी चिप 'गोड' आणि तमकी 'तीक्ष्ण' असं पुष्कळ ऐकाल. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथल्या एकेएम या डॅकच्या चिपा बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्याला मोठी आग लागली आणि एकेएमच्या चिपा बाजारातून गायब झाल्या. अनेक कंपन्यांनी त्याच पेटीत ईएसएस या दुसऱ्या कंपनीची चिप बसवून माल विकला. फिओ कंपनीच्या के५ प्रो या डॅकची अशीच दुसरी आवृत्ती निघाली. लोकांनी ती पहिल्यासारखीच घेतली आणि वापरली. चिपेच्या आजूबाजूचं सर्किट, विजेची गाळणी आणि शेवटचा ॲम्प्लिफायर कसा आहे यावर जास्त काही अवलंबून असतं.

तेव्हा बघायच्या मुख्य गोष्टी दोनच: डॅक शांत आहे का, आणि तुमच्या हेडफोनला पुरेसे व्होल्ट देतो का.

व्होल्टांचा हिशेब तुमच्या हेडफोनवर करून दाखवतो. एम५०एक्स ३८ ओमचा आहे आणि एका मिलिवॅटला ९९ डेसिबल देतो. एक व्होल्ट दिला तर त्यात साधारण २६ मिलिवॅट जातात आणि आवाज ११३ डेसिबलपर्यंत चढतो. एवढा आवाज कुणी ऐकू नये. म्हणजे एक व्होल्ट देणारा कुठलाही शांत डॅक तुम्हाला पुरून उरतो.

आता एचडी ६५०. ३०० ओम ऐकून लोक घाबरतात, पण हेडफोन वाजवायला किती अवघड ते नुसत्या ओमवरून ठरत नाही. कंपनी एका व्होल्टला १०३ डेसिबल सांगते. दोन व्होल्ट दिले की १०९. शास्त्रीय रेकॉर्डिंगमध्ये आलापाची पातळी शिखरापेक्षा २०-२५ डेसिबल खाली असते, म्हणून एका व्होल्टवर विलंबित ऐकताना व्हॉल्यूम पूर्ण चढवूनही थोडं कमी वाटू शकतं. दोन व्होल्टवर ती अडचण राहत नाही. जास्त ओमच्या हेडफोनला करंट फार लागत नाही, व्होल्ट लागतात, आणि दोन व्होल्ट देणारे डॅक तुमच्या बजेटमध्ये पुष्कळ आहेत.

आणखी एक आकडा बघा, आउटपुट इम्पिडन्सचा, म्हणजे डॅकच्या स्वतःच्या आतल्या ओमचा. तो हेडफोनच्या ओमच्या एक अष्टमांशाहून कमी असावा असा ढोबळ नियम आहे. तुमच्या ३८ ओमला तो पावणेपाचच्या खाली हवा. जुन्या मदरबोर्डांवर आणि काही स्वस्त पेट्यांवर तो खूप जास्त असतो, त्याने काही हेडफोनांचा खालचा सूर फुगतो. आजच्या चांगल्या डोंगलमध्ये, म्हणजे यूएसबीला लावायच्या छोट्या डॅकमध्ये, तो एक-दोन ओमच्या पलीकडे सहसा नसतो.

आता नावं घेऊन सांगतो.

एम५०एक्सच कायम ठेवणार असाल तर ॲपलचं यूएसबी-सी ते ३.५ मिलिमीटरचं अडॅप्टर घ्या. अमेरिकेत ते ९ डॉलरला विकायला आणलं, आपल्याकडे हजाराच्या आसपास मिळतं. दोरीएवढी वायर आणि टोकाला नखाएवढा फुगवटा, त्यातच पूर्ण डॅक आणि ॲम्प्लिफायर बसलेला आहे. एक व्होल्ट देतं, आउटपुट इम्पिडन्स एक ओमच्या आसपास, आणि गोंगाट इतका कमी की कानाला कळत नाही. विंडोजवर कुठलाही ड्रायव्हर न टाकता चालतं. हेडसेटची चार पट्ट्यांची पिन लावली तर माइकही चालतो, जे बऱ्याच महाग डॅकना जमत नाही. तुमच्या कॅबिनेटला यूएसबी-सी नसेल तर शंभर-दोनशे रुपयांचा कन्व्हर्टर लागेल. घेताना मॉडेल नंबर मात्र वाचा. ए२०४९ हा पूर्ण आवाजाचा नग आहे. ए२१५५ हा युरोपच्या नियमांसाठी बनवलेला, त्यातून निम्मेच व्होल्ट मिळतात. जर्मनीहून कुणी नातेवाईक आणून देतो म्हणाला तर त्याला प्रेमाने नको म्हणा. अँड्रॉइड फोनवर या अडॅप्टरचा आवाज फार हळू येतो अशीही तक्रार आहे, पण तुमचं काम कॉम्प्युटरचं आहे, तिथे हा त्रास नाही.

एचडी ६५० खरोखरच घ्यायचा असेल तर दोन व्होल्ट किंवा वरचे डोंगल बघा. फिओचा केए११ हा अंगठ्याएवढाही नसलेला तुकडा आहे, कंपनी ३२ ओमवर २०० मिलिवॅट सांगते, म्हणजे अडीच व्होल्ट. मूनड्रॉपचा डॉन प्रो ३.५ च्या जॅकवर दोन व्होल्ट देतो आणि ४.४ च्या बॅलन्स्ड जॅकवर (जिथे दोन्ही कानांना तारांची स्वतंत्र जोडी जाते) चार. दोन्ही तुमच्या बजेटच्या आतले आहेत. माझी निवड केए११ ची, कारण तुमच्याजवळ ४.४ ची वायर नाही आणि त्यासाठी वेगळी वायर घेऊन तुम्हाला जास्त व्होल्टांखेरीज काही मिळणार नाही. बॅलन्स्डमुळे आवाज 'मोकळा' होतो असं सांगतात. तो मोठा होतो, म्हणून मोकळा वाटतो.

दोनशे-तीनशे रुपयांना मिळणारी, नाव नसलेली प्लॅस्टिकची यूएसबी साउंड कांडी मात्र घेऊ नका. एक किरकिर घालवून दुसरी घरात आणाल.

टेबलावर ठेवायची पेटी, फिओच्या के११ सारखी, कधी घ्यावी? त्यात व्हॉल्यूमची गोल चावी असते, मोठ्या ६.३५ मिलिमीटर पिनेचा जॅक असतो आणि मागून स्पीकरला जोडायची सोय असते. चावी हे पैसे खर्च करायला अगदी योग्य कारण आहे. फोन वाजला की हात आपोआप चावीवर जातो, स्क्रीनवर स्लायडर शोधावा लागत नाही. दिवसभर ऐकणाऱ्याला ही सोय मोठी आहे. पण ती सोय म्हणून घ्या. त्या पेटीतून बंदिश अधिक स्पष्ट ऐकू येईल या आशेने घेतलीत तर निराश व्हाल. आणि तुमच्या बजेटच्या बाहेर तर ती आहेच.

ब्लूटूथ हेडफोनला बाहेरचा डॅक लावून काही उपयोग नाही, कारण त्याचा डॅक त्याच्याच पोटात असतो. यूएसबी हेडसेटचंही तेच. तुम्ही वायरचा हेडफोन वापरता म्हणूनच हा सगळा प्रपंच.

घरी आणल्यावर डोंगल कॅबिनेटच्या मागच्या यूएसबी पोर्टला, जमल्यास हार्ड डिस्क किंवा वायफाय डोंगलपासून लांब लावा. पुढे लोंबकळत ठेवू नका. हेडफोनच्या वायरीचं वजन त्या नाजूक जोडावर येतं आणि काही महिन्यांत एका कानाचा आवाज जायला लागतो. हातभर यूएसबी एक्स्टेन्शन घेऊन डोंगल टेबलावर चिकटपट्टीने बसवा. विंडोजमध्ये आउटपुट म्हणून तोच निवडा, फॉरमॅट २४ बिट आणि ४४,१०० किंवा ४८,००० ठेवा. नवीन पद्धतीच्या यूएसबी ऑडिओचा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये २०१७ च्या १७०३ आवृत्तीपासून आतच आहे, त्यामुळे कंपनीचा ड्रायव्हर शोधत बसायची गरज सहसा पडत नाही. कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम खाली ठेवल्याने बिट कमी होऊन आवाज बिघडतो अशी भीती काही जण घालतात. २४ बिटांच्या आउटपुटवर ती मनातून काढून टाका, तिथे हाताशी भरपूर जागा असते.

मित्राने आपला डॅक आणला आणि दोन्ही शेजारी ठेवून ऐकायचं ठरलं तर आवाजाची पातळी आधी जुळवा. दोन व्होल्टचा डॅक एका व्होल्टपेक्षा ६ डेसिबल मोठा वाजतो, आणि मोठं वाजलेलं आपल्या कानाला नेहमीच अधिक भरदार, अधिक बारकाव्याचं वाटतं. अर्ध्या डेसिबलच्या फरकालाही हे होतं, फक्त तो 'मोठा' म्हणून जाणवत नाही, 'चांगला' म्हणून जाणवतो. घरात साधा मल्टिमीटर असेल तर ५० हर्ट्झचा एकच सूर लावा, एसी व्होल्टवर ठेवून हेडफोनच्या आउटपुटचे व्होल्ट मोजा आणि दोन्हीकडे सारखे करा. मग कुणीतरी तिसऱ्याने, तुम्हाला न दाखवता, पिना बदलाव्यात. घरातल्या कुणालाही हे दहा मिनिटांत जमेल. मित्रालाही बसवा.

आता तुमच्या जुन्या रेकॉर्डिंगबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण पैशापेक्षा श्रम घालायची जागा इथे आहे. तुमच्या मिरजेतच राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं आपल्याला मिळतं ते ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून. ते १९३७ साली गेले, तेव्हा टेप रेकॉर्डिंग आपल्याकडे आलेलंच नव्हतं. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची, आणि तिच्या खोबणीतली खरखर गाण्याइतकीच पक्की कोरलेली. १६ बिटांत ही सगळी खरखर सहज मावून कितीतरी जागा शिल्लक राहते. कितीही महाग डॅक आणला तरी तो ती खरखर काढणार नाही. उलट प्रामाणिकपणे तशीच वाजवेल, आणि तसंच वाजवायला हवं.

फरक पडतो तो कुणी कोणत्या तबकडीवरून, कोणत्या सुईने आणि कोणत्या वेगाने उतरवून घेतलं यात. एकाच तीन मिनिटांच्या चीजेच्या दोन प्रती शेजारी लावून ऐका. एकीत वेग थोडा जास्त, म्हणून स्वर अर्ध्या पट्टीने चढलेला आणि आवाज कोवळा झालेला. दुसरीत खरखर घालवण्याच्या नादात वरचे सगळे सूर कापलेले. तंबोऱ्याची जवारी गेली, श्वास गेला, पेटीला पाण्यात बुडवल्यासारखं झालं. तिसरी एखादी सापडते जिच्यात खरखर आहे, पण गळ्यातली प्रत्येक बारीक जागा स्पष्ट ऐकू येते. ती तिसरी शोधा आणि जपून ठेवा. जाणत्या संग्राहकांकडे, संग्रहालयांत आणि चांगल्या पुनर्मुद्रित सीडींवर ती मिळते. तुमच्या ऐकण्यात खरी भर यातून पडेल. सुदैवाने मिरजेत तंबोरे बनवणाऱ्यांची गल्ली तुमच्या घराजवळ आहे, तिथे एकदा जाऊन नवी जवारी लावलेला तंबोरा प्रत्यक्ष ऐकून या आणि मग हेडफोनमध्ये तुलना करा. जवारीचा सळसळाट कुठल्या प्रतीत वाचला आणि कुठल्या प्रतीत मेला, ते तुम्हाला लगेच कळेल.

ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही अशी एक गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ४० तासांसाठी ८० डेसिबलची मर्यादा सांगते. ९० डेसिबलवर तेच तास ४ वर येतात. तुमचे पाच दिवस, रोज सात-आठ तास म्हणजे ३५ ते ४० तास. डोंगलच्या अंगात कितीही जोर असला तरी तो वापरू नका. समोरचा माणूस साध्या आवाजात बोलला आणि तुम्हाला हेडफोन न काढता काहीच कळलं नाही, तर व्हॉल्यूम कमी करायची वेळ झाली आहे. एम५०एक्स बंद कपांचा असल्यामुळे बाहेरचा आवाज तो बराच अडवतो, त्यामुळे ही परीक्षा त्याच्यावर थोडी कडक होते. तरी कान वाचवण्याच्या बाजूने चूक झालेली बरी. किरकिर गेली की तुम्ही आपोआप थोडं हळू ऐकायला लागाल, कारण आत्ता तुम्ही ती झाकायलाच आवाज वाढवत असणार.

खरेदीचा क्रम असा ठेवा. आज संध्याकाळी पिन मागच्या जॅकला लावून पॉज करून ऐका. किरकिर राहिली तर ॲपलचं अडॅप्टर आणा, हजारात काम होईल. उरलेल्या पैशांतून एम५०एक्सच्या गाद्या बघा. दोन-तीन वर्षांच्या वापराने त्या चेपतात, कातडं सोलतं, कानाभोवती फट राहते आणि खालचे सूर निसटून जातात. नव्या गाद्यांनी जो फरक पडेल तो तुम्हाला पहिल्याच आलापात ऐकू येईल. एचडी ६५० घ्याल तेव्हा तो आधी याच अडॅप्टरवर आठवडाभर वापरा. विलंबित ऐकताना व्हॉल्यूम शंभरवर नेऊनही कमी पडतंय असं वाटलं तरच केए११ मागवा, आणि सात दिवसांत परत करता येईल अशा दुकानातून मागवा. लक्षात घ्या, एचडी ६५० उघड्या कपांचा आहे, पंख्याचा आणि रस्त्याचा आवाज त्यात सरळ येतो. घरातल्यांनी टीव्ही लावलेल्या खोलीत काम करत असाल तर तो घ्यायचा की नाही, याचा विचार डॅकच्या आधी करा.